ताईसाठी पाहिलेलं घर

ये पोरी, इकडं सरक. अशी नाही, जवळ. हातातला तो फोन आधी उलटा ठेव. तू तिकडं पुण्यात अन् मी इथं आर्णीत, तरी मले ठाऊक आहे, हे वाचतानाही तो तुह्या हातात असणारच. ठेव म्हटलं ना. मावशी बोलून राह्यली तर मावशीकडं पाहावं.

अन् रागवायचं ते आधीच रागावून घेते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. परवा तू मले काय म्हटलं? "मावशी, लांबण लावू नको, आईची जागा कशी आहे ते एका शब्दात सांग. पाचातून किती देशील?" पाचातून! तुही माय काय हॉटेल आहे का वं? का मी तिमाहीचे गुण देणारी मास्तरीण आहे? मी फोन ठेवून दिला. तुले वाटलं रेंज गेली. रेंज कुठंच नव्हती गेली. फोनवर हे मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहायले बसली. लिहिताना एक बरं असते, समोरचा माणूस मधात तोंड घालत नाही.

माह्या शिक्षणाचं तर तुले ठाऊकच आहे. पोट्टा पहिलीत गेला तेव्हा त्याच्या संगं पाटी घेऊन मी बसली. तो पुढं गेला, मी जोडाक्षरावर अडकली, मग हळूहळू सुटली. त्याच्यापलीकडं काही नाही. पण एक काम मले अन् तुह्या मायले येत होतं, अन् आमच्या सगळ्या गोतात ते आमच्याकडंच असे. घर पाहणं.

आता हे राह्यलं नाही म्हणून सांगते. घरातल्या पोरीचं कुठं जुळून राह्यलं असलं, तर माणसं बैठकीले बसायच्या आधी दोन बाया जाऊन ते घर पाहून येत. आम्हा दोघी बहिणींचंच नाव निघे. मी बोलकी, ती मुकी. मी पुढच्या खोलीत बसायची अन् तोंड चालू ठेवायची. पाऊसपाणी, बैलजोडी, कोणाची आत्या कोणाची मामेसासू, सगळं. ताई कपभर चहा घ्यायची अन् म्हणायची, "हातपाय धुऊन येतो जराशी." अन् जायची मागं.

खरं घर मागं असते वं. पुढं सगळेच चांगले असतात. मागं मोरीत पाणी साचते का, भांडी कोण घासून राह्यलं, म्हातारीची बाज कुठं टाकली, मोठ्या सुनेच्या टाचा कशा आहेत, हे ताई पाहून यायची. विचारायची कोणालेच नाही. परतताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसायची, अन् गाव मागं पडलं की बोलायची. "दे." नाहीतर, "देऊ नको." तितकंच.

एकदा एका घरी ट्रॅक्टर होता, लोखंडी कपाट होतं, पोरगा गोरापान होता. मी तर मनातल्या मनात हळदही दळली. एसटीत ताई म्हणे, "देऊ नको." म्हटलं, "काहून? काय वाईट हाये?" तर म्हणे, "मागं बुढी पाणी मागून राह्यली होती, अन् घरात सगळ्यायले ऐकू जाऊन राह्यलं होतं." झालं. पोरगी दिली नाही. पुढच्या पंधरवड्यात दुसरं घर आलं, ते पाह्यलं, तिथं दिली. नाही म्हणायले आम्ही कधी भ्यालो नाही. घरायले काय तोटा? एक नाही तर दुसरं. तुह्यं सासरही असंच पाह्यलेलं आहे. तुही सासू दारात वाळवण राखत बसली होती, अन् ताई तिच्या मागून जाऊन मोरी पाहून आली.

अशी ती बाई. तिचं विसरणं सुरू झालं ते तुले फोनवर उशिरा कळलं, अन् मले जवळ असून उशिरा कळलं. मुक्या माणसाचं हेच असते. बोलणारा विसरला की चार लोकायले समजते. ही आधीच गप, आणखी गप झाली. तिच्या गावाहून माह्याकडं आर्णीले आणल्यावर मले दिसलं की ती कुकर लावते अन् पुन्हा डाळ धुवायले घेते. म्हटलं, म्हातारपण आहे. मग एक दिवस सकाळीच कमरेले लुगड्याची ओटी बांधून निघाली. वेचाईले जाताना बाया बांधतात तशी, कापूस टाकायले. म्हटलं, "कुठं?" म्हणे, "टोळी गेली, मी मागं राह्यली." अन् गेली बी. कोणाच्या तरी वावरात शिरली अन् पऱ्हाटीची हिरवीकच्ची बोंडं तोडून ओटी भरली.

वावरवाला तिले गाडीवर मागं बसवून घेऊन आला. भला माणूस. पण त्या वर्षी गुलाबी अळीनं सगळ्यायचीच बोंडं आतून खाल्ली होती, तोही जळलेलाच होता. मले म्हणे, "मावशी, अळीनं जे ठेवलं ते ही बुढी नेऊन राह्यली. आता मी बाया आणू का अळी आणू वेचाले?" मी हसली, तोही हसला. ताई ओटीतली बोंडं एकएक काढून ओट्यावर मांडून राह्यली होती.

मग ते रोजचंच झालं. माह्या गुडघ्यायनं मी तिच्या मागं किती धावणार? सून शाळेत खिचडी शिजवायले सकाळीच जाते. पोरगा दिवसभर दुकानावर. एकदा तुरीत पडलेली सापडली, सांजपर्यंत कोणाले दिसली नाही. तेव्हा तू आलीस, रडलीस, अन् फोनवर बोट फिरवून यवतमाळच्या बाहेरची ती जागा शोधून काढलीस. विसरणाऱ्या माणसायची. तिथंच राहायचं, तिथंच खायचं, तिथंच औषधपाणी. मले म्हणालीस, "मावशी, तू घर पाहण्यात पक्की. तू पाहा अन् सांग, मग ठेवू."

ती जागा तुले आठवते. पहिले ती जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापूस येणं आटलं, जिनिंग बंद पडली, मालकानं मजुरायच्या खोल्यायले फरशी बसवून, रंग मारून त्या भाड्यानं दिल्या. जिथं सरकीचे ढीग पडत तिथं आता जेवणाचे टेबल आहेत. आपण दोघी गेलो तेव्हा ती जागा चालवणाऱ्या मॅडमनं सगळं फिरून दाखवलं. भिंतीले धरायले दांडा, संडासाच्या दारावर चित्र, म्हणजे वाचता न येणाऱ्यालेही कळावं. प्रत्येकीच्या उशाशी झाकलेला पाण्याचा गिलास. मी एकीची नखं पाह्यली, कापलेली. एकीचा पदर सरकला होता, तर जाता जाता आयानं सारखा केला, अन् आपल्याकडं न पाहता केला. हे मी टिपलं. आया बोलत होत्या तेही ऐकलं. "आजी, उठता का?" म्हणे. "ए बुढे" नाही म्हटलं कोणी.

अन् दारापाशी ते चाचा बसलेले, तेही विसरणारेच. आयुष्यभर मोटरगाड्या दुरुस्त केल्या त्यायनं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाले तेच सांगतात. तुलेही म्हणाले, "बेटी, गाडी अभी तयार नहीं हुई. शाम को आना." तू घाबरलीस. मी म्हटलं, "ठीक हाये चाचा, घाई नाही आमाले." ते खूश झाले. गिऱ्हाईक समजूतदार निघालं.

तेव्हा मी तुले काय म्हटलं, आठवते? "पुढून तर ठीक आहे." तू म्हणालीस, "पुढून म्हणजे?" मी चपला घालायले लागली. मागं पाहाले जाणारी तर ताईच होती, अन् तिलेच आपण तिथं ठेवायले निघालो होतो.

पावसाळाभर मी दर आठवड्याले गेली. खोटं नाही सांगत, चांगलं होतं. मी सांगून न सांगून दोन्ही तऱ्हेनं गेली. केस विंचरलेले, वेणी घातलेली. वरण कोमट असायचं, भात मऊ. एक आया ताईच्या बाजूले बसून घास हातात द्यायची, तोंडात नाही कोंबायची, अन् ताई हळूहळू खायची. खाताना मध्येच थांबली तर ती थांबायची. मले वाटलं, दे. ताईनं पाह्यलं असतं तर एसटीत म्हणाली असती, दे.

मग यंदा पऱ्हाटी बरी आली. दोन वर्षं मार खाल्ल्यावर यंदा अळी जरा मागं राह्यली, बोंडं फुटली, वावरं पांढरी झाली. सगळ्यायचे चेहरे उजळले. माह्या घरीही चार क्विंटलाची आशा आली, पोरगा शिट्टी वाजवत अंघोळीले गेला. वेचाई सुरू झाली अन् मी दोन आठवडे अडकली, जाऊ शकली नाही. गेली तेव्हा सकाळची वेळ होती, चहा-नाश्त्याची. अन् आत पाहते तर सगळे झोपलेले.

सगळे, पोरी. खुर्चीत, बाजेवर, टेबलावर डोकं टाकून. भर सकाळी. आपल्या घरी म्हातारं माणूस दुपारी गाढ झोपलं तर आपण म्हणतो, चला, पोट भरलं, जीव शांत आहे. पण हे झोपणं तसलं नव्हतं. तोंडं उघडी. एकीची लाळ छातीपर्यंत आलेली, वाळून गेलेली. ताईचे केस मागून जटा धरलेले, नखायमध्ये काळं. उशाशी गिलास होता, झाकलेला होता, अन् त्याच्यात पाणी नव्हतं.

मी तिच्याजवळ बसली, हात चोळला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. माह्याकडं पाह्यलं, मग दाराकडं पाह्यलं, कोणी ऐकून तर नाही राह्यलं म्हणून. अन् वाकून हळूच म्हणाली, "घर पाहाले आली?"

म्हटलं, "हाव."

"कोणाची पोरगी?"

म्हटलं, "आपलीच हाये."

तिनं माहं मनगट धरलं. तिच्या हातात जोर अजून आहे वं. म्हणाली, "इथं देऊ नको."

"काहून?"

"मागं पाह्यलं म्या. न्हाणीत पाणी थंड. बाई नाकाले पदर लावून उभी. इथं देऊ नको पोरगी."

इतकं बोलली, महिन्याभराचं बोलणं एकदम, अन् पुन्हा मान टाकली. आता तू म्हणशील, मावशी, आई काहीतरी जुनं बरळली असेल, कुठल्या तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या घराचं. मलेही तसंच वाटलं. आम्ही किती घरं पाह्यली, त्यातल्या एकाची न्हाणी थंड असणारच. पण मी उठली. जन्मात पहिल्यांदा मी पुढची खोली सोडून मागं गेली.

मागं जिनिंगच्या काळची एक लांब मोरी आहे. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्यायवर तीन म्हाताऱ्या बसवलेल्या, एका रांगेत, अंगावर काहीच नाही. एकीनं दोन्ही हात छातीशी धरलेले. एक आया रबरी नळी धरून एकीवरून दुसरीवर पाणी सोडून राह्यली होती, अन् दुसऱ्या हातानं पदर नाकाले लावलेला, कारण पहिल्या म्हातारीनं तिथंच केलं होतं. मी नळीखाली बोटं धरली. बर्फ नाही, पण थंडच. सकाळची हवा तशीही गार होती.

आया बंजाऱ्यायच्या तांड्यावरची बाई. त्या म्हाताऱ्यायले ती आपल्या बोलीत "याडी" म्हणत होती, याडी म्हणजे माय. "हालू नको याडी, झालं, झालं." शिव्या नाही, हात उगारणं नाही. मले पाहून दचकली.

"मावशी, तुमी इकडं कशाले आल्या? घसरन ना पाय!"

म्हटलं, "बाई, पाणी थंड हाये."

"मले नाही समजत का? हीटर एकच हाये, त्याचं पाणी दोघीयले पुरते. मी एकटी. बाकीच्या सगळ्या वेचाईले गेल्या."

"तू काहून नाही गेली?"

"कंबर गेली माही. वाकणं होत नाही." अन् मग स्वतःच हसली. "इथंबी वाकाच लागते म्हना. पण इथं सावली हाये."

तिनं नळी बंद केली अन् पहिल्या म्हातारीले पुसू लागली. घाईघाईनं, पण बोटायच्या मधात सुद्धा पुसलं. मी दुसरा पंचा उचलला अन् दुसरीले पुसलं. तिनं नको म्हटलं नाही. तिसरी थरथरत होती, तिले दोघीनं मिळून पुसलं.

तिथून मी मॅडमकडं गेली. भांडायचंच ठरवून गेली, सगळी तयारी तोंडात होती. मॅडम स्वतः वाटाणे सोलत बसल्या होत्या, कारण स्वयंपाकीणही वेचाईले गेलेली. मी बोलली. सगळं बोलली, झोपेचं, गिलासाचं, नळीचं. त्यायनं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, बसा. तुम्ही आधी आलात तेव्हा काय पाहिलंत?"

म्हटलं, "चांगलं होतं."

"तेव्हा कापूस बुडाला होता. वावरात काम नव्हतं. माझ्या दारात बाया रांग लावून उभ्या होत्या, मी निवडून घेतल्या. यंदा कापूस पिकला. तिकडं वजनावर मिळतं, हात चालले तितकं. मी महिन्याचं देते, तितकं मी देऊच शकत नाही. त्या परत येतील. पऱ्हाटी संपली की येतील. तोवर मला दोन हातांत इतकी माणसं सांभाळायची आहेत. रात्रंदिवस कोणी ना कोणी उठून रस्त्याकडं चालू लागतं. डॉक्टरांना विचारून गोळी वाढवली. नाही वाढवली तर कोणीतरी गाडीखाली येईल. तुम्हीच सांगा, काय करू?"

मी टोपलं जवळ ओढलं. वाटाणे सोलू लागली त्यायच्यासंगं. हात रिकामे ठेवणं जमत नाही मले.

अन् तिथं बसल्या बसल्या मनात जे आलं ते तुलेच सांगते, घरात कोणाले सांगितलं नाही. मनात आलं, पुढच्या साली अळी पडू दे. बोंडं सडू दे. म्हणजे बाया वावरातून परत येतील, ताईची वेणी घालतील, पाणी तापवतील. माहं स्वतःचं वावर आहे, पोरगा शिट्टी वाजवून राह्यला, अन् मी हे मागून राह्यली होती. ह्या जिल्ह्यात असं कोणी मागत नाही वं, वैऱ्यासाठीही नाही. पण ताईची वेणी अन् गावाचा कापूस एकाच बाईच्या हातात आहेत, अन् ते हात दोनच आहेत.

मग मी ठरवलं, हिले नेते. बस. आजच. सांगितलं मॅडमले. त्यायनं अडवलं नाही, उलट ताईची पिशवी भरून दिली, औषधं कशी द्यायची ते समजावलं. मी ताईले लुगडं नेसवलं, कारण त्यायनं तिले गाऊन घातला होता, पटकन बदलता येतो म्हणून. लुगडं नेसवताना ती बरी उभी राह्यली. चालली बी. माहा हात धरून दारापर्यंत आली.

दारात चाचा. "अरे बहन, किधर? गाडी तो खुली पडी है!"

म्हटलं, "चाचा, आमी एसटीनं जातो."

"एसटी?" चाचा म्हणे, "वो तो पिछले हफ्ते से मेरेइच पास है. इंजन उतारा हुआ है उसका."

मले हसू आलं. ताईले वाटलं ते खरंच. ती थांबली. मी म्हटलं, "चल ताई, दुसरी गाडी हाये." तर तिनं हात काढून घेतला माह्या हातातून. अन् म्हणाली, अगदी साफ, "मी नाही येत. माही बहीण येनार हाये मले न्याले. ती आली अन् मी दिसली नाही, तं घाबरते ती."

"अवं ताई, मीच. लहानी. मीच आली ना."

तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. नीट पाह्यलं, बराच वेळ. मग म्हणाली, "लहानी तं लहान हाये. तुमी म्हाताऱ्या हा."

तुमी म्हणाली मले. आयुष्यात पहिल्यांदा.

मी ओढून नेऊ शकली असती का? गेटच्या बाहेर रस्ता, रस्त्यावर ट्रक. ती ओरडायले लागली असती तर लोकायनं मलेच धरलं असतं. मागून ती कंबर गेलेली आया आली, ओले हात पदराले पुसत. ताईनं तिचा हात धरला अन् वळली. लुगड्याची ओटी करत करत आत गेली. मी पिशवी चाचाच्या बाजूले ठेवली. ते म्हणाले, "फिकर मत करो, सामान की जिम्मेदारी मेरी."

आर्णीले येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसली. बाजूच्या सीटवर कोणी नव्हतं.

आता तुले वाटेल, दुसरी जागा पाहू. पाह्यल्या, पोरी. राजूरकडं एक आहे, तिथं कोळशाची धूळ चादरीवर बसलेली दिसते, अन् ते विसरणाऱ्यायले घेतच नाहीत, म्हणतात आमच्याकडं भजनाले बसता आलं पाहिजे. ढाणकीच्या अलीकडं एकाजणानं घरातच तीन म्हाताऱ्या ठेवल्या आहेत. तिथं मी न्हाणीपर्यंत गेलीच नाही, पुढच्याच खोलीत एकीचा पाय बाजेले बांधलेला होता. नागपूरचं तू स्वतःच विचारलं, तिथं कोणी मरेल तेव्हा जागा होईल म्हणाले. अन् माहं घर. सून म्हणाली, "आना आई, पाहू काय ते." मनाची मोठी आहे, म्हणाली. पण ती शाळेत गेल्यावर ताईले खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावावं लागेल, हे तिलेही ठाऊक अन् मलेही. गोळीनं झोपवलेली बहीण बरी का कुलपात जागी असलेली बरी, हे मले कुठल्याच घरी शिकायले मिळालं नाही.

आधी आम्ही नाही म्हणत होतो, कारण पुढं दुसरं घर असायचं. ताईनं तिचं काम ह्या खेपेलेही केलं, मागं पाह्यलं, अन् बरोबर पाह्यलं. देऊ नको म्हणाली. अन् मी दिली. दिलेलीच होती.

तर तू विचारलं ते सांगते. तिथं कोणी मारत नाही. कोणी शिवी देत नाही. उपाशी ठेवत नाहीत, पण घास थांबून भरवायले आता कोणी नाही, म्हणून ती अर्धं ताट सोडते अन् ताट उचललं जाते. तिच्या डाव्या टाचेवर लाल चट्टा पडला आहे, एकाच अंगावर झोपून. मी सांगितलं, त्यायनं खाली उशी दिली, दुसऱ्या आठवड्यात उशी दुसऱ्या म्हातारीखाली होती. आता मी घरून एक जुन्या पातळाची चुंबळ करून नेली आहे, ती तिच्या पायाखालून कोणी नेत नाही, कारण तशी कोणाले हवीशी वाटत नाही. ती वाळून राह्यली आहे. पदराच्या गाठीएवढं तोंड झालं आहे. पऱ्हाटी उपटेपर्यंत बाया परत येतील, हे खरं. तोवर ती किती उरेल, हे मले सांगता येत नाही, अन् मॅडमलेही नाही, अन् डॉक्टरलेही नाही. बरं होणारं दुखणं नाही हे. कोणी तुले फोनवर गोड बोललं तर विश्वास ठेवू नको. माह्यावर ठेव.

मी जाते. गुडघे म्हणतात नको, तरी जाते. सकाळच्या गाडीनं, आंघोळीच्या वेळेले पोचेन अशी. त्या आयाले पाणी तापवू लागते, तोवर ती दुसऱ्यायचं करते. ताईले मीच न्हाऊ घालते आता. ती मले म्हणते, "तुमचे हात चांगले हायेत, कोणत्या गावच्या?" मी म्हणते, आर्णीच्या. म्हणते, "माही बहीण आर्णीले हाये." म्हटलं, "हाव, ओळखते मी तिले." मग ती डोळे मिटून घेते.

पण माह्यानं एकटीनं किती होईल? अन् तू तिकडून पैसे धाडते, औषधं धाडते, ते सगळं पोचते, नाही पोचत असं नाही. पण वाळलेल्या डोक्याले तेल लावणं पोस्टानं येत नाही. म्हणून सांगते, ये. सुट्टी लागायची वाट पाहू नको. मॅडमले आधी कळवू नको, मलेही कळवलं नाही तरी चालते. यवतमाळले उतरली की सरळ तिकडं जा, ओळख पटवून द्यायच्या भानगडीत पडू नको, ती पटणार नाही अन् तू दारातच रडत बसशील. नुसती बाजूले बस. ती पुढं बोलेल तर बोल, नाही बोलली तर तिचा पाय मांडीवर घे, टाच वर राहील अशी. दोनचार दिवस काढून ये, एका दिवसात काही होत नाही. रात्री माह्याकडं जेवायले यायचं, चून-भाकर करीन, हॉटेलात उतरायचं नाही. ये माय. पुढच्याच आठवड्यात ये. लवकर ये.